चहा संपेपर्यंत चालला पाहिजे

कॉम्प्युटर उघडला, दुरुस्त केला आणि परत बंद केला की एक स्क्रू उरतो. का उरतो, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मशीन चालू असतं, कॅबिनेट घट्ट बसलेलं असतं, गिऱ्हाईक खूश असतं आणि टेबलावर एक स्क्रू पडलेला असतो! आमच्या दुकानात असे स्क्रू बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात साठायचे. किश्श्यांचंही तसंच. काम होतं, गिऱ्हाईक घरी जातं आणि किस्सा आपल्याकडे राहतो.

दुकान म्हणजे डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरचा दहा बाय बाराचा गाळा. मालक माधव, म्हणजे आमचा मध्या, माझा शाळेपासूनचा मित्र. तो कॉम्प्युटर जोडायचा आणि मी गिऱ्हाइकांशी बोलायचो. वाटणी योग्यच होती. मध्या गिऱ्हाइकाशी बोलला की गिऱ्हाईक परत यायचं नाही आणि मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की कॉम्प्युटर परत परत यायचा.

गेल्या महिन्यात आम्ही दुकान बंद करायचं ठरवलं. सुटे पार्ट आणून जोडलेला कॉम्प्युटर आता घेतंय कोण? उरलेला माल देऊन टाकला, बोर्ड उतरवला. टेबलावर एकच मशीन राहिलं, करंदीकर बाईंचं. मध्याने जाहीर केलं की हे चालू करून दिल्याशिवाय मी शटर ओढणार नाही. इतक्या वर्षांत एकही मशीन ‘होत नाही’ म्हणून परत पाठवलेलं नाही, मग शेवटच्या मशीनला नाक कापून घेऊ का, असं त्याचं म्हणणं.

आणि चालू म्हणजे मध्याच्या हिशेबाने चालू. त्याची एक टेस्ट होती. मशीन सुरू करायचं आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायचा. चहा येऊन, पिऊन संपेपर्यंत मशीन बंद पडलं नाही तर पास. मशीनवर भरवसा असेल तर मध्या चार घोटांत चहा संपवायचा. संशय असेल तर एक कप अर्धा तास पुरवायचा. गिऱ्हाईक मशीनकडे बघायचंच नाही, मध्याच्या कपाकडे बघत बसायचं.

* * *

करंदीकर सर, म्हणजे बाईंचे यजमान, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत इंजिनिअर होते. राहायला ठाकुर्लीला. तयार कॉम्प्युटर घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. ग्राफ पेपरवर यादी करून आणली आणि सांगितलं की दर महिन्याला एकेक पार्ट नेईन, घरी मीच जोडीन, तुम्ही हात लावायचा नाही. मध्या त्या दिवसापासून त्यांचा भक्त झाला.

पहिला पार्ट त्यांनी काय न्यावा? कॅबिनेट! रिकामा पत्र्याचा डबा. तो दोन महिने हॉलमध्ये तसाच उभा. मध्ये दसरा आला. बाईंनी फर्मान काढलं की घरात यंत्र आहे तर पूजा झाली पाहिजे, आणि ज्याने बनवलं त्यानेच करायची. सर देव-बिव काही न मानणारे, पण बाईंपुढे त्यांचं काही चालायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आले ते वैतागूनच.

“माधव, रिकाम्या डब्याच्या बटणाला कुंकू लावून आलोय. आता तरी मदरबोर्ड दे बाबा.”

दोन वर्षांपूर्वी सर गेले. मशीन मात्र चालू होतं, कारण आतलं जे जे जुनं व्हायचं ते सरांनी वेळच्या वेळी बदललेलं. बाई त्यावर त्यांच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनींना पत्रं लिहायच्या. आणि गेल्या महिन्यात ते बंद पडायला लागलं. दोन दुकानांत सांगितलं की मदरबोर्ड गेला, भंगारात द्या. पुण्याच्या भाच्याने नवा लॅपटॉप पाठवला, तो बाईंनी खोक्यातून बाहेरही काढला नाही. मशीन रिक्षात मांडीवर घेऊन आमच्याकडे आल्या.

मला म्हणाल्या, “लॅपटॉप चांगला असेल रे. पण तो ह्यांनी केलेला नाही.”

जाताना एकच सूचना दिली. आत काय हवं ते उघडा, पण पुढची बाजू पुसू नका. कॅबिनेटला दोऱ्याने एक पेन्सिल बांधलेली होती, तीही सोडू नका म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी, म्हणून आम्ही मान डोलावली.

मशीनचं दुखणं असं: भिंतीवरचा स्विच लावला की आपोआप सुरू व्हायचं. लाइट लागायचे, पंखा फिरायचा. मनात एक, दोन, तीन, चार मोजलं की फट्. बंद. चहा सांगायला तोंड उघडेपर्यंतसुद्धा टिकेना.

* * *

मध्याचा पहिला संशय नेहमी उष्णतेवर. मशीन तापलं की स्वतःला वाचवायला बंद पडतं. तो प्रोसेसरवरचा पंखा काढून साफ करत बसला आणि मला मानपाड्याचं ते जोडपं आठवलं.

नवीन फ्लॅट, वास्तुवाल्याला विचारून लावलेला. कॉम्प्युटर अमुक कोपऱ्यात, तोंड पूर्वेला. सुताराने कॅबिनेटसाठी सनमायकाचं कपाट केलेलं, त्याला दार, दाराला चावी. मागचा पंखा भिंतीला चिकटलेला. वीस मिनिटांत मशीन बंद. मध्याने समजावलं की अहो, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा. नवरा म्हणाला, दिशा बदलता येणार नाही, प्रमोशन अडकेल.

मध्या सहसा भडकायचा, पण त्या दिवशी शांतपणे विचारलं, “वायव्य दिशा वाऱ्याची ना? मग वारा सोडणारी बाजू वायव्येला नको का?”

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. अर्ध्या तासात कपाटाचं दार निघालं, कॅबिनेट फिरलं आणि मशीन दणक्यात चालायला लागलं. पुढच्या वर्षभरात त्या वास्तुवाल्याने आमच्याकडे पाच गिऱ्हाइकं पाठवली. सगळ्यांच्या कॉम्प्युटरची पाठ वायव्येला!

बाईंच्या मशीनला मात्र काही फरक पडला नाही. पंखा चकाचक झाला, आणि एक, दोन, तीन, चार, बंद.

* * *

दुसरा संशय वीजपुरवठ्यावर. मध्याने आतला पॉवर सप्लाय बदलला. आता वीजपुरवठा म्हटलं की आमच्याकडे वागळे इस्टेटचं नाव निघणारच.

तिथे एका छोट्या कारखान्यात पत्र्याचे भाग कापायचा मोठा प्रेस होता. ऑफिसातला कॉम्प्युटर दिवसातून दहा वेळा बंद पडायचा, आमच्याकडे आणला की गुणी बाळासारखा चालायचा. शेवटी मध्या तिथेच जाऊन बसला. तासाभरात लक्षात आलं, शेजारी प्रेस खाली आला की इथे व्होल्टेज पडतं. पण कारखान्यातल्या लोकांनी त्यावर स्वतःचा इलाज आधीच काढलेला. प्रेसवरचा माणूस बटण दाबायच्या आधी “घेतोऽ!” अशी हाक मारायचा आणि ऑफिसातले अकाउंटंट पटकन फाइल सेव्ह करायचे.

मध्याने यूपीएस बसवला. बंद पडणं थांबलं, विषय मिटला.

गेल्या वर्षी मी सहज तिकडे गेलेलो. प्रेसवर नवीन माणूस, ऑफिसात नवीन मुलगी. बाहेरून “घेतोऽ” ऐकू आलं आणि मुलीने बोलता बोलता फाइल सेव्ह केली. मी विचारलं, असं का? तर म्हणाली, कंपनीचा रूल आहे सर. मी तिला काही सांगितलं नाही. चांगली सवय आहे, कशाला मोडा?

हा किस्सा मी मध्याला परत ऐकवला, तेव्हा तो हसला नाही. नवीन पॉवर सप्लायवरही मशीन चार मोजून बंद पडलेलं.

* * *

दुसऱ्या दिवशी मेमरी बदलून झाली, केबली बदलून झाल्या. मध्या जेवायला घरी गेला नाही. मी म्हटलं, अरे, मशीनचा दोष नसेलच, पेडणेकरांसारखं माणसाचंच काहीतरी असेल. आमच्याच तोंडून असं खरं निघतं आणि आम्हालाच कळत नाही.

पेडणेकर म्हणजे आमचे मूळचे मालवणकडचे गिऱ्हाईक, एकदम मानी माणूस. मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली. रविवारी व्हिडिओ कॉल. मुलीशी अर्धा तास बोलणं छान व्हायचं, पण तिचे सासरे पडद्यावर आले रे आले की पेडणेकरांचा कॉम्प्युटर बंद! चार रविवार हेच. तिकडे व्याह्यांचा समज झाला की आपलं तोंड दिसलं की हा माणूस फोन कापतो. मुलगी रडकुंडीला आली. पेडणेकर मशीन घेऊन आमच्याकडे आले, आमच्याकडे सहा तास चाललं.

मग मध्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन बसला. कॉल लागला, मुलगी बोलली, मग व्याही आले. त्याबरोबर पेडणेकर खाडकन उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. व्याही आल्यावर बसून कसं राहणार? आणि उठताना पाय नेमका टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या स्विचवर!

मध्याने बोर्ड भिंतीवर वर ठोकला. पुढच्या रविवारी व्याह्यांनी पडद्यावर पेडणेकरांना पहिल्यांदा उभं असलेलं बघितलं आणि तेही तिकडे उठून उभे राहिले. दोघे वीस मिनिटं उभ्यानेच बोलले म्हणे.

* * *

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः आल्या. स्टुलावर बसल्या. दुकान रिकामं, भिंतीवर फक्त खिळे. मध्याने त्यांच्यासमोर मशीन लावलं, चार मोजले, बंद पडलं. मला त्याचा चेहरा कळतो. ‘होत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडात आलेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी बाईंना विचारलं, ही पेन्सिल कशाला बांधली आहे?

“बटण दाबायला. कडेला दाबते, मध्ये दाबत नाही.”

मी विचारलं, मध्ये का नाही?

“मध्ये ह्यांचा अंगठा आहे.”

आम्ही दोघंही वाकलो. बटणावर कुंकू होतं. डोंबिवलीत कुठल्या कॉम्प्युटरवर नसतं? इतकी वर्षं दसऱ्यानंतरची लाल-पिवळी मशीनं बघून आमच्या डोळ्यांना ते दिसायचंच बंद झालेलं. पण हे कुंकू ओलं करून जाड लावलेलं, वाळून घट्ट झालेलं, आणि त्यात अंगठ्याच्या रेषा स्पष्ट. बाई म्हणाल्या, तो त्यांचा शेवटचा दसरा. हात थरथरत होता, म्हणून दाबून लावलं. त्याआधी दर वर्षी त्या दुसऱ्या दिवशी पुसून टाकायच्या. ते तेवढं पुसलं नाही.

मध्याने बॅटरी मारून बघितलं. दोन वर्षं कडेला पेन्सिल टेकवून टेकवून बटण तिरकं होऊन आत रुतलेलं. आणि बटण कोणी दाबून धरलं की कॉम्प्युटर चार सेकंदांत बंद पडतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अडकलेल्या मशीनचं आपण तेच करतो. इथे ते बटण कायमच दाबलेलं होतं. आम्ही दोन दिवस आतलं सगळं बदललं आणि पुढे हात लावला नाही, कारण बाईंनी सांगितलेलं आणि आम्ही शहाणे!

मध्याने बटणाची वायर मदरबोर्डवरून काढली. त्या जागी दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. मशीन सुरू झालं. बाई मोठ्याने मोजत होत्या. चार झाले, पाच झाले, दहा झाले. वीसला त्या थांबल्या आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या.

आता काम दोन मिनिटांचं. मध्याने मशीन बंद केलं, स्पिरिटची बाटली उघडली, कापूस घेतला. बटण पुसून मोकळं करायचं, बस. बाई नुसती पेन्सिल हातात धरून बसल्या. मध्याने त्या बटणाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि बाटलीला बूच लावलं.

मग त्याने ती मोकळी केलेली वायर बाजूला बांधून टाकली आणि खालच्या रिसेटच्या छोट्या बटणाची वायर तिच्या जागी लावली.

“बाई, आता हे खालचं दाबायचं. वरच्याला कोणी हात लावायचा नाही.”

“बोटाने दाबू?”

“बोटाने.”

बाईंनी दाबलं. मशीन सुरू झालं. मी टपरीवर तीन चहा सांगितले.

चहा आला. मी माझा प्यायलो. बाईंनीही संपवला, पेन्सिलीचा दोरा सोडला आणि ती पर्समध्ये ठेवली. पडद्यावर त्यांचं अर्धं राहिलेलं पत्र उघडलं, त्यांनी त्यात दोन ओळी लिहिल्या. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. शटर ओढायचा हूक कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता.

“माझा चहा कधीच झाला रे माधव,” बाई म्हणाल्या. “नेऊ का आता?”

मध्याने कपाकडे बघितलं. दोन घोट राहिलेले, त्यावर साय धरलेली.

“थांबा बाई. माझा व्हायचाय अजून.”