चाचांनी लिहून दिलेलं

सलीमचा फोन आला तेव्हा मी शाळेत तास घेत होते. "अब्बा गेले," एवढंच म्हणाला. फोन ठेवून मी राहिलेला धडा शिकवला. असं कसं शिकवू शकले, ते दीड महिना झाला तरी मला उमगलेलं नाही...

सलीमचे अब्बा, म्हणजे माझे रज्जाकचाचा, चंद्रपुरात गाद्या-उशा भरायचे. माझे वडील एटापल्लीकडच्या जंगलातून सावरीचा कापूस आणून त्यांना विकायचे. आमच्या घरात सही करता येणारी मी पहिली, आणि हे मी आजही मान ताठ ठेवून सांगते. बारावीनंतर वडील दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, "हिले कॉलेजात टाकायची हाय, भाऊ. कुठी ठेवू?" चाचा उशी शिवत होते. "कापूस कुठी ठेवतं तू? इथीच न? मंग पोरगीबी ठेव."

तीन वर्षं मी त्यांच्या घरी राहिले. पहिल्याच महिन्यात त्यांनी रेशनकार्डावर माझं नाव चढवून आणलं. कारकुनानं नातं विचारलं तर म्हणाले, "लिहा, मुलगी." घरी चाचीनं छेडलं, "साखर वाढली का पोरगी?" "दोनीबी," म्हणून हसत राहिले.

मी बी.ए. झाले त्या वर्षी गरीब, मागास घरातल्या मुलांकडून एम.ए.च्या प्रवेशाची तयारी करून घेणारे वर्ग नागपुरात निघाले. राहणं-जेवण फुकट. अट एकच, घरात आधी कोणी पदवीधर नको. जणू माझ्यासाठीच केलेली अट! मी ऐटीत अर्ज भरला आणि पत्त्याचा पुरावा म्हणून तेच रेशनकार्ड जोडलं. त्यात चाचांचा मुलगा सलीम होता, बी.कॉम. झालेला. अर्ज घेणाऱ्या चंद्रपूरच्या कचेरीतल्या साहेबांनी तो परत सरकवला. "भाऊ पदवीधर आहे तुझा. अपात्र."

मुदतीचा शेवटचा दिवस. मी धावत दुकानात गेले. चाचा तसेच, कपड्यांना कापूस चिकटलेले, माझ्याबरोबर आले.

"ही तुमची कोण?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाई, साहेब. साखरेसाठी नाव टाकलं होतं."

तसं लिहूनही दिलं, खाली उर्दूत सही केली. खोटं नाव चढवल्याबद्दल त्यांचंच कार्ड रद्द झालं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी पात्र ठरले. बाहेर आल्यावर चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "आता काऊन तोंड पाडून राह्यली? झालं न काम!" म्हणाले आणि दुकानाकडे वळले.

दोन कचेऱ्यांत दोन उत्तरं. त्यातलं एक खोटं असणार... पण कोणतं? दोन्ही वेळा चाचा सारखेच सहज बोलले. मी एम.ए. झाले, नोकरी लागली, पेढे घेऊन गेले, पण विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर चाचा हसले असते की रागावले असते, तेही सांगता येत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी चाचीला भेटायला गेले. चटईवर बायका बसल्या होत्या. येईल तिला सून पाणी आणून देत होती. मला कोणी दिलं नाही. एवढ्या लांबून आलेली, घसा सुकलेला, मी वाट पाहत बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमी यांच्या कोण लागता?" तेवढ्यात चाची माझ्यावरच खेकसली, "बसून काऊन राह्यली वं? माठ खाली झाला, भर न!"

मी उठले. माठ भरला, आणि पहिला ग्लास त्या विचारणाऱ्या बाईंना नेऊन दिला.