निजामाचा नाका

मिशनच्या दवाखान्यातले आमचे कंपाउंडर चहाचा कपही औषधाच्या बाटलीसारखा हलवून पीत. अमेरिकेला परतलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तिकडे कायमचं बोलावलं, तेव्हा व्हिसाचा फॉर्म भरायला ते माझ्याकडे आले.

‘पूर्वी कोणत्या देशाने प्रवेश नाकारला आहे काय?’ असा प्रश्न होता. मी ‘नाही’ लिहू लागलो, तसा त्यांनी माझा हात धरला.

“थांबा भाऊ. राजुऱ्याले जाताना निजामाच्या नाक्यावरून मले वापस पाठवलं होतं.”

“अहो, राजुरा तर नदीपलीकडे. आता आपल्याच देशात आहे.”

“तवा नव्हतं ना. खरं थे लिहा.”

“बरं. मग घरी परतलात?”

“परततो कसा? लग्न माझंच होतं. बाशिंग दातात धरून नदीतून पोहत गेलो.” त्यांनी शांतपणे कप हलवला. “थेही लिहा.”