कूलरच्या खोलीतली गिटार

माझ्या बायकोच्या मामांइतका निःशंक माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि त्यांच्या सहवासात माझ्याइतका गोंधळलेला माणूसही दुसऱ्या कुणी पाहिला नसेल. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालव्यांची बांधकामे तपासून निवृत्त झालेला हा पाचोडकडचा गृहस्थ एका सकाळी उठतो आणि आजपासून आपण घरी गिटारी बनवणार, असे चहाच्या आधी जाहीर करतो. यावर जावयाने काय म्हणावे? मामांना गिटार वाजवता येत नव्हती. घराण्यात कुणालाच येत नव्हती. भजनातसुद्धा सगळ्यांची टाळी पडून गेल्यावर मामांची निवांत पडायची. एकदा धीर करून विचारले, मामा, गिटारच का? माझी कीव आल्यासारखे बघत ते म्हणाले, "जावईबापू, वीणा करायची तर भोपळा लागतो. तसला भोपळा कुठं गावतो आता?" मी मान डोलावली. घरी येऊन बायकोला हे सांगत असताना माझ्या लक्षात आले की मला उत्तर मिळालेलेच नाही.

खरी गोम पुण्याला होती. मामांचा एकुलता मुलगा तिथे नोकरीला. मामांना एकदा गच्चीच्या जिन्यावर चक्कर आली, तेव्हापासून त्याने धोशा लावला होता, की औरंगाबादचे घर बंद करा आणि दोघेही माझ्याकडे या. मामा त्याला कधी नाही म्हणाले नाहीत. फक्त त्याचा फोन येऊन गेला की दुसऱ्या दिवशी घरात एक रंधा वाढायचा. दोन फोन आले तर पटाशीही यायची. शेवटी मुलगा स्वतः आला, घरभर पसरलेला भुसा त्याने पाहिला, आणि बापासमोर बसून त्याने सौदा केला: अधिक महिन्यात जेवायला येईन, तोवर एक गिटार धड करून दाखवा. झाली तर पुण्याचे नाव काढणार नाही. नाही झाली तर परत जाताना माझ्या गाडीत बसायचे. मामांनी हातावर हात मारला. मामी कुणाच्या बाजूने होत्या, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. नातवाचा फोटो त्या रोज पुसत, आणि मामांचे रंधेही.

कारखान्यासाठी मामांनी झोपायची खोली घेतली, कारण घरातला एकमेव कूलर तिथल्या खिडकीला होता. पलंग बाहेर गेला, आणि जाताना त्याच्या उशाकडची शिसवी फळी मात्र खोलीतच राहिली. मामींच्या माहेरचा, सिल्लोडहून आलेला पलंग तो. आता ती फळी गिटारीची कड होणार, असे मामांनी त्यांना एखादी बढतीची बातमी द्यावी तसे सांगितले. गिटारीच्या पुढच्या फळीसाठी वाळूजच्या कारखान्यांत परदेशी यंत्रे ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडून आल्या. सगळी विद्या मोबाईलवरच्या गोऱ्या कारागिरांकडून चालली होती, आणि तीही आवाज बंद करून. त्यांच्या बोलण्याने लक्ष विचलित होते, असे मामांचे म्हणणे. वाद्य करायला शिकवणाऱ्या चित्रफिती मुक्याने पाहणारा दुसरा शिष्य त्या गोऱ्यांना मिळाला नसेल.

गोरा कारागीर लाकडाची कड तापलेल्या नळीवर वाकवतो, हे पाहून मामा थेट न्हाणीघरात गेले. तिथला तांब्याचा बंब पेटला की वर निघालेली मधली नळी कडकडीत तापते. मग रोज सकाळी आंघोळीचे पाणी आणि गिटारीची कंबर एकाच जाळावर तयार होऊ लागली. सरस लावलेल्या फळीवर वजन हवे म्हणून वरवंटा गेला, आणि घरात आठवडाभर चटणी झाली नाही. चिकटवलेली कड धरून ठेवायला गुलमंडीच्या बाजारातून कपड्यांचे चिमटे पोत्याने आले. मी सहज डोकवायला गेलो की मला एक टोक धरायला मिळे. जावयाला काम सांगू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. मामा म्हणत, हे काम नव्हे, मान आहे.

आणि गंमत म्हणजे गिटार झाली. मी स्वतः ऐकली. शेजारच्या कॉलेजातल्या पोरीने कूलरच्या घरघरीत चार सूर छेडले, आणि मामांच्या डोळ्यांत पाणी आले. कूलरचे पाणी उडाले म्हणाले.

त्या साली अधिक महिना ज्येष्ठात आला होता. ऊन असे की छतावर पापड भाजावा. अधिकात जावयाला धोंड्याचे जेवण घालून वाण देतात, आणि मामांना मुलगी नसल्यामुळे तो मान माझा. वाण जाळीदार, भोकाभोकांचे असावे म्हणून लोक अनारसे देतात. मामा म्हणाले, "हिलाबी भोक हाये. चांगलं मोठं हाये." म्हणजे ती गिटार मलाच मिळणार होती. वाण आधी देवापुढे ठेवावे, हे मामींचे शास्त्र. आठ दिवस आधी त्यांनी गिटार हळदीकुंकू लावून देवघरात, चुलीच्या भिंतीला टेकवून ठेवली.

आम्ही जेवायला बसलो. मुलगा पुण्याहून आला होता, मामी तुपाची धार धरत होत्या, आणि देवघरातून काठी मोडावी तसा आवाज आला. गिटारीच्या पुढच्या फळीवर भोकापासून खालपर्यंत उभी चीर गेली होती. कूलरच्या गारव्यात महिनाभर ओल पिऊन फुगलेले लाकूड देवघराच्या कोरड्या धगीत आकसले होते. मुलाने तारा छेडून पाहिल्या. तो मनाचा भला. म्हणाला, आबा, आवाज तर येतोय, चालेल की. मामांनी उकिडवे बसून चिरेवरून अंगठा फिरवला. अशाच चिरांवरून त्यांनी कंत्राटदारांच्या किती भिंती पाडायला लावल्या होत्या.

"तडा गेला म्हंजी काम नापास," ते म्हणाले. "दुसऱ्याला नाय सोडलं, तर मला कसं सोडू?"

मुलगा काहीतरी बोलू लागला, पण मामा हात धुवायला गेले होते. चार दिवसांनी मामा-मामी त्याच्या गाडीतून पुण्याला गेले. सौदा जिंकूनही मुलाचा चेहरा उतरला होता, आणि सौदा हरलेले मामा पुढच्या सीटवर बसून त्याला रस्ता सांगत होते. मला मामांचा तेव्हा राग आला. एवढीशी चीर, कुणाला दिसली असती?

वाण परत करता येत नाही, म्हणून गिटार आमच्या भिंतीवर आहे. मामा दर रविवारी फोन करतात आणि माझ्या तब्येतीआधी चिरेची विचारपूस करतात. श्रावणात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी मी पुसायला गिटार उतरवली तर चीर दिसेना. नखाने चाचपून पाहिले. हवेतली ओल पिऊन लाकूड पुन्हा फुगले होते. रविवारची वाट न पाहता मी फोन लावला. चीर मिटल्याचे सांगताच पलीकडे मामांनी टीव्ही बंद करायला लावला.

"मिटली म्हंता?" मामा हळू म्हणाले. "मंग येऊ का परत?"

ते थट्टा करत होते की काय, मला अजून समजलेले नाही. मी म्हणालो, पाऊस आहे तोवर या, मामा. उन्हाळ्याचे उन्हाळ्यात बघू. ते बरं म्हणाले, पण फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मलाही ठेववेना.