सकाळी सोडलेलं पॅकेज

मंडळी, आज सकाळी वैतागून एक काम सोडलं. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांच्या सामायिक भांडारातलं मराठी फॉन्टचं पॅकेज मी फुकटात सांभाळत होतो. मूळ फाइलची लिंक बदलली, की फॉन्ट बसवणारी स्क्रिप्ट बंद पडते. मी दुरुस्त करतो, ते पुन्हा मोडते, अन् शिव्या मलेच.

दुपारी अचलपूरच्या दोस्ताचा फोन आला. तो लग्नपत्रिका छापते.

“अबे, पत्रिका अडकल्या. फॉन्ट बसूनच नाही राहिला. कोण बह्याड सांभाळते हे?”

तो बह्याड मीच, हे त्याले माहीत नव्हतं. म्हटलं, “आता कोणीच नाही सांभाळत.”

“मंग तूच कावून नाही घेत?”

घेतलं परत. लिंकची एक ओळ बदलली, त्याचा फॉन्ट बसला.

सांगा बरं, ज्या कामाले मालकच नाही, त्याची सुट्टी कोणाले मागायची?