मापासाठी उभी

गोलघुमटासमोर एक तरुण मोबाइल धरून मागे मागे सरकत होता. पायथ्याशी उभी असलेली त्याची बायको ओरडली, "अरे, मुंगीएवढी दिसेन मी त्यात!"

"तू हवीसच. नाहीतर उंची कशी कळणार?"

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलं. ह्यांना जुन्या इमारतींचे फोटो काढायचं वेड होतं, आणि प्रत्येक भिंतीशी ते मला मापासाठी उभं करायचे. त्या दगडांचा मला तेव्हा मत्सर वाटे. सगळं कौतुक त्यांच्याच वाट्याला जाई. आता हे नाहीत, आणि मी त्या मुलीवर जळत होते. तिला "थोडी डावीकडे हो" म्हणणारं माणूस अजून समोर होतं.

तेवढ्यात तिनंच विचारलं, "काकू, आमचा दोघांचा एक काढाल?"

मी जवळ गेले, आणखी जवळ गेले, नुसते दोन चेहरे मावतील इतकी.

फोटो पाहून तरुण हिरमुसला. "काकू, घुमट आलाच नाही की!"

"असू दे," मी म्हटलं. घुमटांचे फोटो आमच्याकडे कपाटभर आहेत. त्यांतल्या एकातही हे नाहीत.