मढचा टक आणि माझी बोटं

माझा गाढवपणा ऐकायचाय ना? मग आधी चहा खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल.

आमच्या वाकोल्यात जयंतीला भीमगीतांचा कार्यक्रम असतो. पेटी मी वाजवते, गेली वीस वर्षं. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी शिकवलेली. त्यांचा एकच धाक: पुढची पट्टी दाबल्याशिवाय मागचं बोट उचलायचं नाही, सूर तुटतो.

यंदा मी सगळ्या बिल्डिंगला छाती ठोकून सांगितलं, पहिलं गाणं ऑर्गनवर होणार. मढच्या पीटर अंकलकडून त्यांचा जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन मागून आणला. त्यावर परकशन नावाचा खटका आहे. तो दाबला की सुराच्या सुरुवातीला 'टक' असा टोला पडतो, लाकडावर छोटी हातोडी मारावी तसा. अंकलनी वाजवून दाखवलं आणि मी तिथेच फिदा.

घरी येऊन वाजवते तर काय? पहिल्या सुराला टक, पुढे नुसतेच सूर. खटका थोपटला, रबरबँड लावला, पंख्याखाली ठेवून हवासुद्धा दिली. टक फक्त पहिल्याला. कार्यक्रम दोन दिवसांवर, माझं डोकंच फिरलं. टेम्पो केला आणि ऑर्गन घेऊन थेट मढ.

"अंकल, हा बिघडलाय. चारचौघांत तोंडघशी पडायची वेळ आलीय माझ्यावर."

अंकल वाजवायला बसले. टक, टक, टक, टक.

"आता तू वाजव."

टक. मग नुसतेच सूर.

"बघा," मी म्हटलं, "माझ्या हातात आला की बिघडतो."

"मग बिघाड कुठे आहे गं?" त्यांनी माझं मनगट धरून वर उचललं. "एक जरी पट्टी दाबलेली असली तरी नवा टक येत नाही. सगळी बोटं सुटली की मगच तो परत तयार होतो."

घ्या! वीस वर्षं जे घोटलं, तेच आडवं आलं.

दोन दिवस फक्त बोटं उचलायचा रियाज केला. आणि कार्यक्रमात काय टक पडलाय यार, पार शेवटच्या खुर्चीपर्यंत. शिट्ट्या, वन्स मोअर, सगळं झालं. पहिल्या रांगेत आण्णा टाळ्या वाजवत होते. मला आकाश ठेंगणं झालं.

त्याच तोऱ्यात पुढच्या गाण्याला पेटी ओढली. पहिल्याच ओळीत सुराचे तुकडे तुकडे. बोटं आपली उचलतच होती.

आण्णा उठून स्टेजपाशी आले आणि नेमकं माईकला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "बाळा, पेटीपण बिघडली का? टेम्पो बोलवू?"