परत आणून पाहणारे अप्पा

जगातला एकही नकाशा भरवशाचा नाही असं ठामपणे मानणारा, आणि तरीही रात्रंदिवस नकाशांतच रमणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. धारवाडच्या मळमड्डीतले माझे घरमालक, निवृत्त शिक्षक. आम्ही भाडेकरू त्यांना अप्पा म्हणायचो. एका नकाशाच्या प्रोग्रॅममधली फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येईल अशी बदलून देणं, हा त्यांचा फुकटचा उद्योग. हुबळीतल्या कोप्पीकर रोडच्या एका दुकानदाराने स्वतःच अशी फाइल बदलली. एका नकाशात अक्षांश आधी येतो, दुसऱ्यात रेखांश, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं गोदाम थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडलं. अप्पांनी ते पुन्हा हुबळीत आणलं आणि वर विचारलं, "माल भिजला नाही ना हो?"

बदललेली फाइल ते कधीच तशी देत नसत. ती उलट मूळ रूपात आणायची, जुनीच्या शेजारी ठेवायची, आणि दोन्ही तंतोतंत जुळल्या तरच द्यायची. "सासरी गेलेली पोर माहेरी आली की आई कशी बघते, तसं बघायचं, तम्मा. वाळली का, कानातलं हरवलं का." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ; मला ते तशीच हाक मारायचे. माणसांनाही तोच नियम. मी गावाहून आलो की जिन्यातच अडवायचे, "गेलास तसाच परत आलास ना? काही गळलं नाही?" मी उगाच पिशवी चाचपायचो.

आमचं गाव खानापूरच्या पलीकडे, जंगलात, ओढ्यापल्याड. तिथे रेंज नाही, नकाशात रस्ता नाही. दिवाळीला निघालो तेव्हा अप्पांनी त्यांचं जुनं जीपीएस यंत्र माझ्या गळ्यात अडकवलं. "घराच्या दारापर्यंत चालू ठेव. ओढ्याशी बंद केलंस तर इथे घरात घेणार नाही." त्यात उमटलेली माझ्या वाटेची रेघ पुढे अशी कामाला येईल, असं मला वाटलं नव्हतं.

ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले आणि तिचं अंग सुजल्याचा गावाहून निरोप आला. तिला धारवाडलाच आणा, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्यात रक्ताच्या सोयीला थांबलो आणि एरवी सिमेंट वाहणाऱ्या बसण्णाची जीप पाठवली. मी दिलेली रेघेची फाइल त्याने मोबाईलवर परस्पर बदलून घेतली होती. दुपारी त्याचा फोन आला, "सर, ओढ्यापर्यंत बरोबर गेलो. पुढं रेघच संपली की! फाटे चार, माणूस एक नाही. रेंजसाठी परत डांबरीवर आलोय."

मी अप्पांकडे धावलो. त्यांनी बसण्णाची फाइल मागवली आणि आधी ती माहेरी आणली. मूळ फाइलशेजारी ठेवताच दिसलं, रेघ फार लांब म्हणून त्याच्या प्रोग्रॅमने शेपूट तोडलं होतं. नेमकं ओढा ते आमचं दार. अप्पांनी रेघेचे दोन तुकडे केले, बदलले, आणि पुन्हा दोन्ही उलटे आणून पाहू लागले.

"साकु बिडरी, पुरे आता, अप्पा, पाठवा की!" बसण्णा फोनवर ओरडला.

"गप रे. बाळंतीण आणायचीय, सिमेंट नाही."

संध्याकाळी जीप दवाखान्याच्या दारात उभी राहिली. आधी आई उतरली, मग तिच्या खांद्यावर हात टाकून ताई. सकाळी मुलगी झाली. मी घरी जाऊन सांगितलं, तर अप्पांनी एकच विचारलं, "दोघी तंतोतंत ना?" मी हो म्हणालो. मग ते कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

आता ओढ्यावर पूल झाला, गावात रेंज आली. भाची शाळेत जाते. अप्पा मुलाकडे बंगळूरला राहतात. परवा गावाहून आलो तर खालच्या दाराला कुलूप. तरी जिन्यात पाय थबकलेच. मी पिशवी खाली ठेवली, आईने दिलेलं एकेक चाचपून पाहिलं. काही गळलं नव्हतं. विचारणारं तेवढं कुणी नव्हतं.